हृदयाभोवतीचे पाणी इकोच्या मदतीने काढणे: आयसीयूत, की मोठ्या शहरात नेऊन?

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाला आहे ते स्पष्ट राहील. आपल्या 62 वर्षांच्या वडिलांना तीन आठवड्यांपासून धाप लागते, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन उतरले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी टू-डी इको (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणी) केल्यावर हृदयाभोवती बरेच पाणी आढळले. अहवालात मागच्या बाजूला 22 मिलिमीटर आणि हृदयाच्या टोकाशी 28 मिलिमीटर असा थर नोंदवला आहे, उजवे कप्पे दबू लागल्याचेही लिहिले आहे. नाडी 118 आणि रक्तदाब 96/74 आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञांनी आयसीयूतच, खाटेवर, इकोच्या मदतीने डाव्या छातीतून सुई घालून पाणी काढण्याचे ठरवले आहे. आपल्या नात्यातील एका जाणकारांचे म्हणणे मात्र असे आहे की हे काम पुण्यासारख्या ठिकाणी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या विशेष खोलीत) एक्स-रेखालीच व्हायला हवे आणि सुई नेहमी छातीच्या मधल्या हाडाखालून घालतात, बाजूने नव्हे. वडील रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेतात, त्याचीही आपल्याला काळजी वाटते.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि हे काम अनेक वर्षे करत आलो आहे. रुग्णाला न तपासता अंतिम निर्णय देणे योग्य नाही आणि तो मी देणार नाही. परंतु असा निर्णय कोणत्या विचाराने होतो हे आपल्याला कळले, तर तेथील डॉक्टरांशी आपले बोलणे सोपे होईल. माझ्या दृष्टीने येथे दोन प्रश्न आहेत: पाणी आजच काढण्याची गरज आहे का, आणि जेथून सुई जाणार तेथे पाण्याचा थर पुरेसा जाड असून वाट मोकळी आहे का. खाट की कॅथलॅब हे या दोहोंच्या उत्तरानंतर येते.

गरजेचा विचार आधी करू. हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाचे दुपदरी आवरण असते आणि त्याच्या पदरांमध्ये निरोगी माणसातही साधारण 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो. पखालीचे कातडे एका दमात ताणत नाही, पण हळूहळू ताणले तर सैल होते, तसे या आवरणाचे आहे. काही तासांत 150-200 मिलिलिटर रक्त साठले तरी माणूस दगावू शकतो. उलट काही महिन्यांत एक लिटरहून अधिक पाणी साठूनही एखादा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात चालत येतो. थायरॉइडचे प्रमाण फार कमी झालेल्या रुग्णांत असे दिसते. त्यांच्यापैकी अनेकांना सुईची गरजच पडत नाही, थायरॉइडच्या गोळ्यांनी पाणी हळूहळू ओसरते. म्हणून केवळ मिलिमीटरच्या आकड्यावरून निर्णय होत नाही. 10 मिलिमीटरपर्यंत कमी, 10 ते 20 मध्यम आणि 20 च्या पुढे जास्त, अशी विभागणी आम्ही करतो, परंतु ती पाण्याचे प्रमाण सांगते, दाब सांगत नाही.

दाब किती आहे हे रुग्णाकडे पाहून कळते. आवरणातील दाब हृदयाच्या कप्प्यांतील दाबाच्या बरोबरीला येऊ लागला की कप्पे नीट भरत नाहीत, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी नाडी वाढते. या अवस्थेला टॅम्पोनाड म्हणतात. कमी रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि मंद ऐकू येणारे हृदयाचे ठोके, ही तीन लक्षणे अमेरिकन शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी 1935 मध्ये एकत्र मांडली. पण हळूहळू साठलेल्या पाण्यात ती तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. मी स्वतः अधिक महत्त्व देतो ते श्वास आत घेताना वरचा रक्तदाब 10 पेक्षा जास्त अंकांनी उतरतो का याला. त्यासाठी साधे रक्तदाबाचे यंत्र आणि पाच मिनिटांचा संयम पुरतो. इकोवर उजवे कप्पे भरण्याच्या वेळीच आत दबताना दिसतात, पोटाकडून हृदयात येणारी मोठी शीर फुगलेली राहते आणि श्वास घेतला तरी आकसत नाही. आपण दिलेल्या आकड्यांत रक्तदाबाच्या दोन अंकांतील अंतर जेमतेम 22 आहे आणि नाडी 118 आहे. त्यात उजवे कप्पे दबत असतील, तर पाणी त्याच दिवशी काढावे या मताकडे माझा स्पष्ट कल असेल.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण हिच्यामुळे होणारे नुकसान टाळता येण्यासारखे असते. धाप आणि फुगलेल्या शिरा पाहून हृदय कमजोर झाल्याचा समज होतो आणि लघवी वाढवणारे इंजेक्शन दिले जाते. टॅम्पोनाडमध्ये हृदय भरण्यासाठी शिरांतील दाबावर अवलंबून असते. तो दाब असा उतरवला तर रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला बळेच आडवे झोपवणे आणि पाणी काढण्याआधी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर घेणे, या दोन्ही गोष्टीही शक्य तोवर टाळाव्यात, कारण यंत्राने छातीत वाढणारा दाब हृदय भरण्याच्या आणखी आड येतो.

आता इकोच्या मदतीचा मुद्दा. हृदयाभोवतीचे पाणी सुईने काढण्याची पद्धत जुनी आहे. व्हिएन्नाचे फ्रान्झ शू यांनी ती 1840 मध्ये वापरल्याची नोंद आहे. पुढील शतकाहून अधिक काळ ही सुई शरीररचनेच्या ज्ञानाच्या भरवशावर, आतले काहीही न दिसता घातली जात असे. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून, डाव्या खांद्याच्या दिशेने जाण्याची वाट त्या काळात रूढ झाली, कारण न पाहता जायचे असेल तर फुप्फुस टाळण्यासाठी ती त्यातल्या त्यात बरी होती. तरीही हृदयाचा कप्पा, यकृत किंवा रक्तवाहिनी यांना इजा होण्याचे प्रमाण इतके होते की अनेक डॉक्टर शक्यतो शस्त्रक्रियेचाच मार्ग धरत. आपल्या नातेवाइकांना जी वाट माहीत आहे ती हीच, आणि ती चुकीची नाही. पाणी पुढे आणि खाली जास्त असेल तर आजही आम्ही तीच निवडतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 1979 पासून इको पाहून पाणी काढायला सुरुवात झाली आणि त्यांनी 2002 मध्ये आपला 21 वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात 1127 वेळा केलेल्या या प्रक्रियेपैकी 97 टक्के यशस्वी झाल्या आणि गंभीर गुंतागुंत 1.2 टक्के होती. या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते ती सुईची जागा: बहुसंख्य रुग्णांत ती हाडाखालून न घालता छातीच्या भिंतीतून, विशेषतः हृदयाच्या टोकाजवळून घातली होती. जागा आधी ठरवून पाणी शोधायचे, हा क्रम इकोमुळे उलटा झाला. पाणी त्वचेला कोठे सर्वांत जवळ आहे आणि थर कोठे सर्वांत जाड आहे हे आधी पाहायचे आणि सुई तेथून घालायची. आपल्या वडिलांच्या अहवालात टोकाशी 28 मिलिमीटरचा थर आहे; म्हणून डॉक्टर डाव्या छातीचे नाव घेत आहेत, असे मला वाटते.

डाव्या बाजूला फुप्फुस असते, मग तेथून सुई कशी, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ध्वनिलहरींच्या स्वभावात आहे. हवेतून या लहरी पुढे जात नाहीत, त्यामुळे प्रोब (छातीवर टेकवायचे इकोचे उपकरण) आणि हृदय यांच्यामध्ये फुप्फुस असेल तर पडद्यावर मागचे काहीच धड दिसत नाही. ज्या जागेवरून पाण्याचा काळा थर स्वच्छ दिसतो, त्या जागेवर आणि त्या दिशेला फुप्फुस मध्ये नाही, हे त्या चित्रानेच सिद्ध होते. एक्स-रेला ही सोय नाही. एक्स-रेवर सुई आणि नळीला वाट दाखवणारी तार उत्तम दिसतात, परंतु पाण्याचा थर कोठे किती जाड आहे हे थेट दिसत नाही. कॅथलॅबमध्ये काम केले तरी मी जागा इकोवरच ठरवतो. त्यामुळे एक्स-रे असला म्हणजे सुरक्षितता आली, असे समजू नये.

प्रत्यक्षात काय होते तेही सांगतो, कारण कल्पनेतली भीती बहुधा वस्तुस्थितीपेक्षा मोठी असते. रुग्णाला पाठीशी टेकू देऊन 30 ते 45 अंशांत बसते ठेवतात, त्यामुळे पाणी खाली आणि पुढे येते आणि धापही कमी लागते. प्रोब फिरवून जागा निवडतात, त्वचेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजतात आणि त्वचेवर खूण करतात. यानंतर रुग्णाने कूस बदलता कामा नये. कूस बदलली की पाणी सरकते आणि खूण निरर्थक होते, म्हणून अशा वेळी मी पुन्हा इको केल्याशिवाय सुई हातात घेत नाही. जागेवर भुलीचे इंजेक्शन देतात. रुग्ण जागा असतो आणि बोलू शकतो. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लगटून घालतात, कारण रक्तवाहिनी आणि मज्जातंतू खालच्या कडेने जातात. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेजवळून एक धमनी उभी जाते, तीही टाळावी लागते.

यात कौशल्य लागते ते प्रोबचा कोन हातात जसाच्या तसा टिकवण्याला. प्रोब ज्या दिशेला धरला होता नेमक्या त्याच दिशेला सुई गेली पाहिजे. काही अंशांचा फरक पाच-सहा सेंटिमीटर खोलीवर बराच मोठा होतो. काही जण खूण करून प्रोब बाजूला ठेवतात आणि मग सुई घालतात, काही जण सुई आत जाताना शेवटपर्यंत पडद्यावर पाहतात. सुईचे टोक सतत दिसत असणे मला अधिक पसंत आहे, विशेषतः थर 15 मिलिमीटरच्या आसपास असेल तेव्हा; मात्र थर जाड असेल आणि हात सरावलेला असेल तर खूण करून जाण्याची पद्धतही सुरक्षित आहे, आणि मेयो क्लिनिकचा मोठा अनुभव मुख्यत्वे त्या पद्धतीचाच आहे. सुईवर मऊ प्लास्टिकची बारीक नळी बसवलेली असते. पाणी आले की ही नळी पुढे सरकवून पोलादी सुई लगेच बाहेर काढतात, त्यामुळे धडधडणाऱ्या हृदयाजवळ टोकदार वस्तू काही क्षणच राहते.

यानंतरच्या पायरीबद्दल मी फार काटेकोर आहे. क्षयरोगात किंवा कर्करोगात येणारे पाणी पुष्कळदा लालसर, कधी तर रक्तासारखेच दिसते, तेव्हा नळी आवरणात आहे की हृदयाच्या कप्प्यात, हे रंगावरून सांगता येत नाही. अशा वेळी दोन सिरिंजांमध्ये थोडे सलाईन जोराने इकडून तिकडे ढकलून त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार करतात आणि ते नळीतून सोडतात. इकोवर हे बुडबुडे चमकतात. ते हृदयाभोवतीच्या काळ्या थरात पसरले तर नळी योग्य जागी आहे. ते कप्प्याच्या आत दिसले तर तेथेच थांबायचे. ही खात्री झाल्याशिवाय तार, वाट रुंद करणारे साधन आणि मोठी नळी यांपैकी काहीही पुढे जाता कामा नये, कारण बारीक सुईचे छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते, पण रुंद केलेले छिद्र बुजत नाही. ही तपासणी खाटेजवळ दोन मिनिटांत होते आणि तिला कॅथलॅब लागत नाही.

मग तारेवरून टोकाशी वळलेली मऊ नळी, जिला आम्ही पिगटेल म्हणतो, आत ठेवतात. पहिले 50 ते 100 मिलिलिटर निघाले तरी नाडी आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. उरलेले पाणी एकदम ओढून काढायचे नसते. फार दिवस दबलेल्या हृदयावर अचानक भार आला तर क्वचित ते फुगते आणि त्याची ताकद कमी होते, म्हणून पहिल्या खेपेला एक लिटरपेक्षा कमी पाणी काढून बाकीचे टप्प्याटप्प्याने काढण्याची रीत आहे. 24 तासांत निघणारे पाणी साधारण 25 मिलिलिटरच्या खाली आले आणि इकोवर नव्याने साठलेले दिसले नाही, की नळी काढतात. बहुतेकांत ती दोन ते चार दिवस राहते. नळी ठेवल्याने पाणी पुन्हा साठण्याचे प्रमाण कमी होते. ती असताना खोल श्वासाला छातीत टोचल्यासारखे दुखते, ते दुखणे डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध देता येते.

येथवरचा अर्थ असा की टोकाशी जाड थर, दबणारे कप्पे आणि इकोत सरावलेला डॉक्टर, हे तिन्ही असतील तर आयसीयूची खाट ही या कामाची योग्य जागा आहे. परंतु काही परिस्थितींत हे उत्तर बदलते. महाधमनीची भिंत फाटून आवरणात रक्त आले असेल, हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाची भिंत फुटली असेल, किंवा छातीला मार लागून रक्त साठले असेल, तर खरा उपाय शस्त्रक्रियाच असतो. तेथे सुईचा उपयोग झाला तर रुग्णाला शस्त्रक्रियागृहापर्यंत जिवंत नेण्यापुरता, थोडेसे रक्त काढून रक्तदाब टिकवण्यासाठी होतो. पाणी फक्त मागच्या बाजूला असेल, कप्प्याकप्प्यांत अडकले असेल, गुठळ्या असतील किंवा पू असेल, तर शल्यचिकित्सकांनी लहान छेद घेऊन ते काढणे अधिक चांगले. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांतही हृदयाभोवती पाण्याची पातळ रेघ दिसते आणि त्या वेळी प्लेटलेट्स कमी असतात. बहुतेकदा ते पाणी आपोआप जिरते, तेथे सुईची घाई करू नये.

ॲस्पिरिनच्या लहान मात्रेमुळे तातडीने पाणी काढणे अडत नाही. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध असते, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) 1.5 च्या वर असता किंवा प्लेटलेट्स 50,000 च्या खाली असत्या, तर वेळ असल्यास आधी ते दुरुस्त करावे लागले असते. रक्तदाब कोसळत असेल तर तेवढीही वाट पाहता येत नाही आणि दुरुस्ती व प्रक्रिया बरोबरीने करावी लागते.

हलवण्याच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. टॅम्पोनाडकडे झुकलेल्या रुग्णाला पाणी न काढता तीन-चार तास रुग्णवाहिकेत ठेवणे हा, अनुभवी हाताने खाटेवर सुई घालण्यापेक्षा, सामान्यतः मोठा धोका आहे. वाटेत रक्तदाब गेला तर तेथे ना इको असेल ना सुई घालण्याजोगी स्थिरता. पुढील तपासण्यांसाठी किंवा समाधानासाठी पुण्याला न्यायचे असेलच, तर पाणी काढून, नळी आत ठेवून आणि रक्तदाब स्थिरावल्यावर न्यावे. आधीच हलवणे योग्य ठरते ते तेथील डॉक्टरांना या कामाचा सराव नसेल, किंवा वर सांगितलेली शस्त्रक्रियेची परिस्थिती असेल तेव्हा. तेव्हाही सोबत डॉक्टर आणि चालू सलाईन हवे आणि पुढच्या रुग्णालयाला आधी कळवलेले हवे.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे की ज्या जागेतून सुई जाणार तेथे थर किती जाड आहे आणि त्वचेपासून किती खोल आहे, सुई घालताना इको कोण धरणार आहे, नळी आत ठेवणार आहेत का, आणि रक्तस्राव झालाच तर कोणत्या शल्यचिकित्सकांकडे व किती वेळात पोहोचता येईल. हे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात आणि असे प्रश्न विचारल्याचा राग येण्याचे कारण नाही.

आणखी एक विनंती डॉक्टरांना जरूर करावी. संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन आणि भरपूर पाणी, या तिन्हींचा विचार करता आपल्या देशात क्षयरोग पहिल्या संशयितांत येतो. त्याबरोबर कर्करोगाचा विचार या वयात करावाच लागतो. काढलेले पाणी फेकून न देता पेशी, प्रथिने, एडीए (क्षयात वाढणारे एक विकर), सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी), जिवाणूंचे कल्चर आणि कर्करोगाच्या पेशी या तपासण्यांना पाठवले पाहिजे. एडीए 40 च्या वर असेल तर क्षयाकडे कल जातो. सीबीनॅट निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असे ठरत नाही, कारण या पाण्यात जंतूंची संख्या फार कमी असते. अशा वेळी सर्व माहिती एकत्र पाहून उपचार ठरवतात.

क्षयरोग निघाला तर औषधे साधारण सहा महिने चालतात आणि ती शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. सोबत स्टेरॉइड द्यावे की नाही, हे रुग्णावर अवलंबून आहे. आफ्रिकेतील आठ देशांत 1400 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने मृत्यू, पुन्हा टॅम्पोनाड आणि आवरण आकसणे यांचे एकत्रित प्रमाण कमी झाले नाही. मात्र आवरण आकसण्याचे प्रमाण एकट्याने पाहता 7.8 वरून 4.4 टक्क्यांवर आले, आणि एचआयव्ही असलेल्यांत कर्करोगाचा धोका वाढला. म्हणून आधी एचआयव्हीची चाचणी आणि साखर पाहून मगच हा निर्णय करावा. पाणी निघाले, धाप गेली, तरी आवरण पुढील काही महिन्यांत जाड होऊन हृदयाला आवळू शकते. त्यामुळे घरी गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी, मग औषधे संपेपर्यंत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे इको करत राहावा, आणि पायांवर सूज, पोट फुगणे किंवा पुन्हा धाप यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.